पुसून टाकलेला मेसेज

सत्यशीलाबाईंचा हात जन्माचा पुसणारा. भोकरदनच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर कुणी वाह्यात लिहिलं की डस्टर आधी, चौकशी नंतर. निवृत्तीनंतर हीच खोड त्यांना नडली.

त्यांची नात पायल तलाठी झाली. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा वर्षाव सुरू होता. त्यात अवधूत नावाच्या एका माजी विद्यार्थ्याने तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की या लोकांना गावाबाहेर ठेवत होते तेच बराबर होतं; बौद्धवाड्यात तिसरं घर, पोरांनो, हिची जागा हिला दाखवून या. ग्रुपच्या ॲडमिन बाईच. डोक्यात तिडीक गेली आणि त्यांनी तो मेसेज सगळ्यांच्याच फोनवरून पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकली दारासमोरून घिरट्या घालू लागल्या. सोमवारी पायलला कामावर हजर व्हायचं होतं आणि ती उंबऱ्याबाहेर पडेना.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "बाई, पुरावाच पुसला की तुम्ही. मेसेज वाचलेला कुणी साक्षीला आणा, मंग बघू."

रोज पहाटे फुलांचे फोटो पाठवणारे एकशे ऐंशी जण, पण त्या दुपारी म्हणे कुणी फोनच उघडला नव्हता! उरले केशव गुरुजी. बाईंच्या शेजारच्या वर्गावरचे, तेही ग्रुपवर होते. पोराची चूक आधी वहीत उतरवून घ्यायची, मग त्याला समोर बसवायचं, ही त्यांची पद्धत. आणि अवधूत त्यांचाच नातू.

बाई त्यांच्या घरी गेल्या. गुरुजींनी वही काढली. तारीख, वेळ, शब्दन् शब्द.

"त्याला विचारलं तुम्ही?"

"विचारलं. हसला माझ्यावर. म्हणला, आजोबा, तुम्हाला कळत न्हाई." गुरुजींनी वही मिटली. "एकुलता हाये, बाई. त्याचं आयुष्य जाईल."

बाईंना त्यांची दया आली, आणि त्या दयेचाच संताप आला.

"पायलबी तुमच्याच वर्गात होती, गुरुजी," म्हणत त्या चहा न घेता उठल्या.

शनिवारी बाई पायलला घेऊन पुन्हा ठाण्यात गेल्या. गुरुजी आधीच बाकावर बसले होते. मांडीवर वही.

"आरोपी तुमचा कोण लागतो?" हवालदारांनी विचारलं.

"नातू."

"विचार करा, गुरुजी."

"करूनच आलो."

जबाबात शब्द जसेच्या तसे हवे होते. गुरुजी चष्मा लावून वाचू लागले, हवालदार लिहू लागले. घराच्या वाक्यापाशी येऊन गुरुजींनी चष्मा काढला.

"बाई, पोरीसमोर... एवढं वाक्य सोडू का?"

बाईंचा हात आपसूक वर गेला, फळा पुसायला जावा तसा. शेजारी पायल ताठ बसून ऐकत होती. बाईंनी हात खाली घेतला आणि मांडीवर घट्ट दाबून धरला.

"न्हाई, गुरुजी. सगळं वाचा."