मिलिंद राजाचं नाव

माझ्या दादाचं नाव मिलिंद. शाळेत बाईंनी त्याचा अर्थ 'भुंगा' सांगितला, तेव्हा बाबा भडकले होते. विहारात भंतेंनी त्यांना वेगळंच सांगितलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी मिनँडर नावाचा ग्रीक राजा आपल्या देशात राज्य करायचा. प्रश्न विचारून विचारून त्यानं भल्याभल्यांची बोलती बंद केली. मग त्याला नागसेन नावाचे भिक्खू भेटले. राजानं विचारत जावं आणि भिक्खूंनी न चिडता उत्तर द्यावं. त्याच मिनँडरला आपल्याकडे मिलिंद म्हणू लागले.

"राजा असून विचारायला लाजला नाही बघ," बाबा सांगायचे. "आणि गावात आम्ही तोंड उघडलं की दगड यायचा." म्हणून घाटकोपरला आल्यावर झालेल्या पहिल्या पोराला त्यांनी राजाचं नाव दिलं.

पोरगं नावाला जागलं! नळ दोन दिवस कोरडा का, रेशनच्या तांदळात एवढे खडे का, हे सगळ्यांना विचारणं चालू. मी वैतागून म्हणायची, "बाईंचंच बरोबर होतं रे, भुंगाच आहेस तू." तो हसायचा आणि पुढचा प्रश्न काढायचा.

शहाऐंशी साली दादा साकीनाक्याला एका कारखान्यात लागला. थोड्याच दिवसांत त्यानं सगळ्यांसमोर शेठला विचारलं, "मशीनची वायर अशी उघडी का ठेवलीय?"

"काम करायचं तर कर, नाहीतर चालू पड," शेठ म्हणाला.

घरी कळलं तेव्हा बाबांनी त्याच्यापुढे हात जोडले. "मिलिंद, पुरे आता. नोकरी टिकव. गप बस."

दादा बाबांचा शब्द मोडत नसे. तो गप्प बसला. त्याच वायरचा शॉक लागून तो गेला. अजून त्याचं लग्नही व्हायचं होतं.

दादाच्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठून दादाबद्दल बोलू लागला. शेठही हार घेऊन आला होता. "मुलगा फार शांत होता," म्हणाला. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

तेवढ्यात बाबा उठले. आख्खा जन्म 'होय साहेब' म्हणण्यात घालवलेला माणूस.

"शेठ, माझ्या मिलिंदनं तुम्हाला एक विचारलं होतं. वायर उघडी का? त्याचं उत्तर राहिलंय."

शेठ चपला घालून निघून गेला.

बाबा उभेच होते. मग ते भंतेंकडे वळले. "भंते, त्या राजाला कधी कुणी 'गप बस' म्हणालं होतं का हो?"

"नाही, कुंडलिक."

"मी म्हणालो," बाबा म्हणाले, आणि दादाच्या फोटोसमोर मटकन खाली बसले.