तिसऱ्या तुकडीची साखर

इंग्रजीच्या बाईंचा स्वभाव मुळातच संशयी. खडू जरा आखूड दिसला तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. शिकवायच्या मात्र जीव ओतून. मोजता येणारी आणि न मोजता येणारी नामं निघाली की टेबलावर दुकानच मांडलं जाई. डब्यात पन्नास बटणं, पेन्सिली, चमचे. शेजारी छोट्या बरण्यांत पाणी, पीठ, साखर. बटणं मुलं मोजत. साखर बाई प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवत आणि म्हणत, "हं, मोजा बघू!" पोरं एकेक दाणा मोजू लागत, वैतागत आणि शेवटी तळहात चाटून मोकळी होत. दर आठवड्याच्या उजळणीला हाच खेळ, आणि पोरांना तो भारी आवडायचा.

यंदा बाईंच्या लक्षात आलं, ही साखर भराभर उतरतेय. बटणं मोजावीत तर पन्नासच्या पन्नास, चमचे जागच्या जागी. साखर मात्र सोमवारी गळ्याशी आणि गुरुवारी तळाशी. बाईंनी मनाशी ताडलं, चोर हुशार आहे. जे मोजता येतं त्याला तो हात लावत नाही. वर्गाची दुसरी किल्ली होती ती फक्त झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. मावशींना शाळेत अकरा वर्षं झाली होती आणि नवऱ्यामागे याच पगारावर त्यांचं घर चालायचं. पण एकदा डोक्यात किडा वळवळू लागला की कुठली अकरा वर्षं आणि कुठलं काय!

एका बुधवारी बाईंनी बरणीवर साखरेच्या पातळीला बारीक रेघ ओढली. सकाळी येऊन पाहतात तर साखर रेघेच्या दोन बोटं वर!

"घ्या! चोराच्या मनात चांदणं," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "रेघ दिसली असणार. म्हणून चोरलेलं परत भरलंय."

दुपारी त्यांनी मोठ्या बाईंना तक्रारीची चिठ्ठी दिली. मोठ्या बाईंनी मावशींच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मावशी तडक वर्गात आल्या. "बाई, साखर मीच भरली."

"तेच म्हणते मी! नेलीत म्हणूनच भरलीत ना?"

"नेली कुठं? तुमची चिमूट आणि तीन तुकड्यांची पोरं. दोन तुकड्यांतच बरणी संपते. तिसऱ्या तुकडीला तुम्ही नुसतं फळ्यावर शिकवता. ती पोरं माझ्या मागे लागली, मावशी, आम्हालाच का नाही? म्हणून घरनं आणली वाटीभर."

बाईंनी मनात हिशेब केला. एका तुकडीत चाळीस पोरं. चाळीस त्रिक एकशे वीस चिमटी. बटणं रोज मोजणाऱ्या बाईंनी आपली चिमूट कधी हिशेबात धरलीच नव्हती. शरमेने त्यांची कानशिलं तापली.

त्या तशाच मोठ्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझी चिठ्ठी फाडा. साखर मीच संपवली."

"ते मला सांगून काय उपयोग?" मोठ्या बाई म्हणाल्या.

मग शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत, बाईंनी हात जोडून मावशींची माफी मागितली. किल्ल्या परत मिळाल्या. "जाऊ द्या हो, बाई," मावशी म्हणाल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

शाळा सुटल्यावर मावशी घरी जायला निघाल्या आणि बाईंच्या टेबलाशी थांबल्या. खांद्यावरची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिचं तोंड उघडून धरलं. आत रिकामा डबा, छत्री आणि औषधाची बाटली.

"हे काय, मावशी? मी माफी मागितली ना?"

"मागितलीत की. तरी बघून घ्या."

आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना. दुसऱ्या दिवशीही शाळा सुटल्यावर पिशवी टेबलावर आली. बाईंनी मान खिडकीकडे वळवली.

"नीट बघा, बाई," मावशी म्हणाल्या, आणि बाई बघेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.