माझ्या भोकांतून निसटलेला गहू

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो. म्हणजे मला तसे वाटत होते. पुढे कळले की मी ज्यांच्या घरांची माती चाळली, ते लोक सहा हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हापासून स्वतःला जुनी म्हणवून घ्यायची मला लाज वाटते.

सुताराने मला बनवले ते बांधकामाच्या वाळूसाठी. चार फळ्यांची चौकट, खाली लोखंडी जाळी, धरायला दोन मुठी. जाळीची भोके वाटाण्याएवढी. एका घरासाठी मी ढीगभर वाळू चाळली. घर उभे राहिले आणि मला मागच्या भिंतीला टेकवून सगळे विसरले. तिथून मला एका बाईंनी मागून नेले. त्या गावाबाहेरच्या टेकाडावर उत्खनन करत होत्या. जमीन थराथराने उकरून, पूर्वीची माणसे कशी जगत होती याचा माग काढणे हे त्यांचे काम. उन्हाने रापलेला चेहरा, गळ्यात दोरीला बांधलेले भिंग. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत.

मला हलवायचे काम गावातून रोजाने येणाऱ्या एका मावशींकडे आले. मावशी तोंडाने फटकळ, पण हाताने अचूक. खड्ड्यातून मातीची टोपली येई. तिच्यासोबत एक चिठ्ठी असे: कोणता खड्डा, किती खोल. मावशी माती माझ्यावर ओतत आणि मला हिसके देत. माती खाली पडे. वर उरत खापरांचे तुकडे, हाडे, क्वचित एखादा मणी. ते चिठ्ठीसकट पिशवीत जाई आणि चाळलेली माती मागच्या ढिगावर. पहिल्याच वर्षी मी एक तांबडा मणी अडवला, तेव्हा बाईंनी माझ्या चौकटीवर थाप मारली. “चाळण गुणाची आहे,” त्या म्हणाल्या. मी किती फुशारले म्हणून सांगू!

बाईंना एकच प्रश्न सतावत होता. हे लोक शेती करत होते, की नुसती जनावरे राखत होते? घरे सापडली, चुली सापडल्या, शेळ्यामेंढ्यांची हाडे तर पोत्याने सापडली. धान्याचा मात्र एक दाणा नाही. दोन वर्षे वाट पाहून बाईंनी अहवालात लिहून टाकले, ‘येथील लोकांना शेती ठाऊक नसावी.’

तिसऱ्या वर्षी काम संपायला पाच दिवस उरले होते. मावशी टबात खापरे धूत बसल्या होत्या. मागच्या ढिगाची थोडी माती घसरून टबात पडली. ती उपसायला त्यांनी हात घातला आणि तसाच ठेवला. पाण्यावर बारीक काळे कण तरंगत होते.

“बाई, जरा इकडे या.”

“कोळसा असेल, मावशी.”

“कोळशाच्या पोटावर चीर असते होय?”

बाईंनी भिंग डोळ्याला लावले. मग त्या तिथेच मातीत बसल्या. तो गव्हाचा जळका दाणा होता. कच्चा दाणा केव्हाच कुजून गेला असता. जळला होता म्हणूनच तो टिकला होता.

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल? ज्याच्यासाठी बाई तीन वर्षे जिवाचे रान करत होत्या, ते माझ्याच भोकांतून खाली गळत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“ही माती कुठल्या खड्ड्यातली?” बाईंनी विचारले.

“ढिगातली. तीन वर्षांची, सगळी एकत्र झालेली.”

“मग या दाण्याला पत्ता नाही. हा त्या लोकांचा, की परवा आपल्याच चुलीतून उडालेला, कसं सांगायचं?”

मावशींनी ओले हात पदराला पुसले. मग त्यांनी दोन खड्ड्यांच्या मध्ये बोट दाखवले. तिथे हातभर रुंदीची मातीची भिंत मुद्दाम राखली होती. तिच्या अंगावर सगळे थर रेघांसारखे दिसत. “तिला तर अजून कोणी हात लावला नाही.”

“ती पाडली तर थर बघायला काही उरणार नाही, मावशी.”

“मग आधी तिचं चित्र काढा नीट. तोवर मी पाणी भरते.”

बाई दिवसभर भिंतीसमोर बसून एकेक थर मोजून कागदावर उतरवत होत्या. मावशींनी पिंप भरले आणि माझ्या जाळीवर मलमलीचे फडके ताणून बांधले. दुसऱ्या दिवसापासून भिंतीची माती थराथराने, चिठ्ठीसह येऊ लागली. ती पिंपात टाकून ढवळायची, खडे तळाला बसू द्यायचे आणि वरचे पाणी माझ्यावर ओतायचे. त्या दिवशी फडक्यावर नुसती मुळे आली. बाई जेवल्याही नाहीत.

तिसऱ्या दिवशी राखेचा थर लागला. त्याच्यावर चोपून घट्ट केलेली जुनी जमीन होती, कुठेही न फुटलेली. म्हणजे वरून काही खाली शिरायला वाट नव्हती. मावशींनी पाणी ओतले आणि माझ्या फडक्यावर काळे दाणे जमू लागले. गव्हाचे, जवाचे, शिवाय कणसाच्या देठाचे बारके तुकडे.

“पण हे रानातून वेचून आणलेलं असलं तर?” बाई स्वतःशीच बोलल्या आणि देठाचा तुकडा भिंगाखाली धरला. “रानटी कणीस पिकलं की आपोआप सुटं होतं. तुटल्याची जागा गुळगुळीत राहते. ही बघा, खरबरीत आहे. मुद्दाम झोडपून तोडलेली.”

मावशींनी भिंगातून पाहिले. “बरोबर आहे. पिकल्यावर सांडून जाणारं कोण पेरत बसेल? जे कणसाला धरून राहतं, त्याचंच बी माणूस पुढच्या वर्षाला ठेवतो.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. “हे समजायला मला चार वर्षं शिकावं लागलं होतं, मावशी.”

शेवटच्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बोलावले. “मी लिहिलेलं चुकलं,” त्या म्हणाल्या. “हे लोक शेतकरी होते.” नव्या अहवालात मावशींचे नाव बाईंच्या नावाशेजारी छापले गेले. मागच्या ढिगातल्या दाण्यांना मात्र पत्ता कधीच मिळाला नाही. ती चूक भरून येण्यासारखी नव्हती, आणि तिच्यात माझाही वाटा होता.

टेकाडाचा अर्धा भाग अजून शाबूत होता. पुढच्या वर्षी तोही खणू या, असे बरेच जण म्हणाले. बाईंनी नकार दिला आणि त्याच्याभोवती कुंपण घातले.

आता मी वस्तुसंग्रहालयाच्या एका खोलीत टांगलेली असते. जाळी गंजली आहे. मुले मला बघून पुढे जातात. चाळणीत बघण्यासारखे काय असणार? पण मित्रांनो, एक विनंती आहे. माझा गंज नाही काढलात तरी चालेल. ते कुंपण तेवढे मोडू देऊ नका. “तो अर्धा भाग का सोडला?” असे एका मुलीने बाईंना याच खोलीत विचारले होते. बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “आमच्या चाळणीची भोकं मोठी होती, बाळ. तुमची बारीक असतील.”