नवव्या फेरीतला गुडघा

फाउस्तिनोनं गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा उचलला, मिटून खिशात टाकला आणि दुकानाच्या मधोमध डावा गुडघा जमिनीवर टेकला.

“असा,” तो म्हणाला. “चर्चमध्ये टेकतात ना, अगदी तसा. कोलमडला नाही, पाय घसरला नाही. सावकाश, जागा बघून बसला. आणि पंचाला शांतपणे दहापर्यंत मोजू दिलं.”

खुर्चीत बसलेला बोन्यिंग, तीनचाकी चालवणारा, साबणाच्या फेसातून हसला. बाकड्यावरचे तिघेही हसले.

“पण नोंग, त्याआधी बरगडीत एक बसला होता ना त्याला?” बोन्यिंगनं विचारलं. सगळी गल्ली फाउस्तिनोला ‘नोंग’, म्हणजे दादा, म्हणायची.

“बरगडीत कुणाला बसत नाही? गेल्या महिन्यात त्या मेक्सिकनला यकृतावर बसला. डोळे पांढरे झाले, पण पडला? आणि मागच्या रविवारचा तो कझाक. एक डोळा पार मिटलेला, तशा पाच फेऱ्या खेळला. हरला, पण त्याला मी मर्द म्हणेन. आपल्या या पोराला काय झालं होतं? रक्त नाही, सूज नाही. हात आहेत, पाय आहेत, दम आहे. मन नाही. दुकानात सगळं मिळतं, तेवढं मिळत नाही.”

यावर हसू यायला हवं होतं. आलं नाही. बाकड्यावरचे तिघे दाराकडे बघत होते. फाउस्तिनोनं गुडघ्यावरूनच मान वळवली.

दारात होवेल मागबानुआ उभा होता.

तो सत्तावीस वर्षांचा होता. त्रेपन्न किलोच्या गटात तेवीस लढती जिंकलेला, आणि तीन आठवड्यांपूर्वी मनिलामध्ये एका डावखुऱ्या थाई मुष्टियोद्ध्यासमोर नवव्या फेरीत गुडघा टेकून हरलेला. हेनेराल सांतोस या बंदराच्या शहरात, त्या भागात पोरं एकतर धक्क्यावर टूना उतरवायला जातात किंवा व्यायामशाळेत ठोसे खायला. जो दुसऱ्या वाटेनं वर जातो तो सगळ्या गल्लीचा होतो. होवेल तसा सगळ्यांचा होता. म्हणूनच त्याच्यावर बोलायचा हक्कही सगळ्यांना होता, आणि फाउस्तिनोला सर्वांत जास्त. साठीच्या या न्हाव्यानं चाळीस वर्षांत एकही मोठी लढत चुकवली नव्हती. तो एकदा बोलला की गल्लीत तेच मत चालायचं.

“केस कापायचेत, नोंग,” होवेल म्हणाला.

बोन्यिंगनं अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड पुसलं. मिनिटभरात दुकान रिकामं झालं.

फाउस्तिनोनं होवेलच्या गळ्याभोवती कापड बांधलं. त्याला वाटलं, पोरगा आता उठेल आणि एक ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं.

“नोंग, तुम्ही ती लढत पूर्ण पाहिलीत ना?”

“पाहिली.”

“मला चौथ्या फेरीपर्यंतच आठवतं. त्यापुढे एकदम गाडीत बसलोय ते. व्हिडिओ बघितला मी, पण दुसऱ्या कुणाचा बघतोय असं वाटतं. कोच म्हणतो, तू हार मानलीस. सगळे म्हणतात. पण मला माहीतच नाही. तुम्हाला लढतीतलं कळतं.” आरशात त्यानं फाउस्तिनोकडे पाहिलं. “मी गुडघा का टेकला?”

त्या आवाजात टोमणा नव्हता. वाट विचारावी तसं विचारलं होतं.

फाउस्तिनोनं कंगवा घेतला आणि पाचव्या फेरीपासून सांगायला सुरुवात केली. पाचवी संपायला दहा सेकंद असताना थाईचा डावा हात कानशिलावर बसला. फार जोराचा नव्हता. “त्यानंतर तुझा उजवा हात हनुवटीपासून खाली आला. मी म्हटलं, आळशी झाला. सहाव्या फेरीत तू एकच ठोसा पुन्हा पुन्हा मारत होतास, जिथे तो उभाच नव्हता तिथे. मी म्हटलं, डोकं चालवत नाही. सातव्यात त्यानं तुला तीन मारले आणि तू पंचाकडे बघून हसलास. मी म्हटलं, माज आला.”

तो थांबला. तीन आठवडे तो हेच सांगत होता, याच क्रमानं, आणि लोक माना डोलवत होते. आता ते डोकं त्याच्या हातांत होतं. कानशिलाच्या वरचे केस त्यानं बोटांनी बाजूला केले. तिथे काहीच दिसत नव्हतं.

“आणि मग?”

“मग तू पाचव्यानंतर तिथे नव्हतासच रे, दोंग,” फाउस्तिनो म्हणाला. “अंग एकटंच लढत होतं. चार फेऱ्या लढलं. नवव्यात त्यालाही झेपेना, म्हणून ते खाली बसलं. हार मानायला माणूस तिथे असावा लागतो.”

“म्हणजे मी भित्रा नाही.”

“नाहीस.”

होवेलनं इतका मोठा श्वास सोडला की अंगावरचे कापलेले केस उडाले. जाताना त्यानं, पाया पडावं तसा वाकून, म्हाताऱ्याचा हात आपल्या कपाळाला लावला.

नऊ दिवसांनी तो परत आला. केस वाढले नव्हते. खुर्चीत बसला आणि आरशात बघत म्हणाला,

“नोंग, तुम्ही ती लढत पूर्ण पाहिलीत ना? मला चौथ्या फेरीपर्यंतच आठवतं.”

फाउस्तिनो हसला. मग होवेल हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं वळून पंख्याचं बटण उगाच बंद केलं, चालू केलं. आणि पाचव्या फेरीपासून सांगायला लागला. या वेळी त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यानं बायकोलाही कधी सांगितली नव्हती: एकोणीस वर्षांचा असताना तोही एकदा रिंगमध्ये उतरला होता. एकच फेरी. नाकावर एक बसला आणि तो दोरांमधून वाकून बाहेर आला, तो थेट घरी गेला.

“म्हणून भित्रा कसा असतो ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “तू तसा नाहीस.”

होवेलनं पुन्हा तसाच श्वास सोडला. पुन्हा त्याचा हात कपाळाला लावला.

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या अंगावर सरावाचा घाम होता. “नोंग, तुम्ही म्हणता माझ्यात मन नाही,” तो म्हणाला. “गुडघा टेकून दाखवता म्हणे. मला सांगा तरी, मी का टेकला?”

म्हणजे त्याच्या डोक्यात तेवढंच राहिलं होतं. बाकी सगळं वाहून गेलं होतं. फाउस्तिनोनं आपल्या नाकाची गोष्ट पुन्हा सांगितली. तिची आता लाजही वाटेनाशी झाली होती.

त्याच दुपारी दुकान बंद करून तो बाजारात गेला. होवेलची बहीण रोवेना तिथे सुकी मासळी विकायची. तिनं मान वर न करता त्याचं ऐकून घेतलं आणि मासळीवरच्या माश्या वारत राहिली.

“मला नवीन सांगताय होय?” ती म्हणाली. “तो एकच भात दोनदा शिजायला टाकतो. मला आईच्या नावानं हाक मारतो. आणि हे आज सांगताय तुम्ही?”

“मला माहीत नव्हतं गं, दाय.”

“तुमचं बोलणं तीनचाकीत बसून गल्लीभर फिरतं, नोंग. संध्याकाळपर्यंत आमच्या घरी पोचतं. इथे, या जागेवर, एका टोळभैरवानं आमच्या आईला गुडघा टेकून दाखवला. तुम्ही दाखवता तसाच. आई त्या दिवसापासून बाजारात येत नाही.” तिनं एक मासा उगाच उलटा केला. “त्यानं ओसाकाची लढत का घेतली असं वाटतं तुम्हाला?”

होवेल पुन्हा लढायला ओसाकाला चाललाय हे फाउस्तिनोला ठाऊक नव्हतं. तिथून तो व्यायामशाळेत गेला. कोच दादो मुठींना गुंडाळायचे ओले पट्टे दोरीवरून काढत होता.

“डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे,” दादो म्हणाला. “रोज दहा किलोमीटर पळतो पोरगा. वजन बरोबर आहे.”

“त्याला आठवत नाही, दादो. मी तीनदा तेच सांगितलं त्याला.”

“ठोसे खाणाऱ्याला काय काय आठवतं? मला माझ्या लग्नाची तारीख आठवत नाही.”

“जाऊ देऊ नकोस त्याला.”

दादोनं पट्ट्यांची गुंडाळी बाकावर ठेवली. आवाज चढवला नाही.

“नोंग, मी त्याला म्हणालो होतो, वर्षभर थांबू. तोच थांबेना. लोकांना तोंड दाखवायचंय म्हणाला. ते तोंड कुणी काळं केलं? तुम्ही जा, केस कापा.”

फाउस्तिनो गेला आणि केस कापू लागला. कापता कापता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला की ती हार नव्हती, त्या पोराला पाचव्या फेरीनंतर शुद्धच नव्हती, मी चुकलो. लोक ऐकून घेत. कुणी खांद्यावर थोपटत. बोन्यिंग एकदा म्हणाला, “वय झालं, नोंग. मन हळवं झालं तुमचं. पण आधी बोललात तेच खरं होतं. त्या बोलण्यात जोर होता.” आणि बाकड्यावरच्या एकानं, फाउस्तिनोसमोरच, गुडघा टेकून दाखवला. त्याला ते फाउस्तिनोपेक्षा चांगलं जमत होतं.

होवेल निघायच्या आदल्या दिवशी आला. त्यानं काहीच विचारलं नाही. केस बारीक करा म्हणाला, एवढंच. फाउस्तिनोनंच विषय काढला.

“दोंग, फटका बसला आणि बरं वाटेनासं झालं तर खाली बस. त्यात काही कमीपणा नाही. मी सांगतोय.”

होवेल हसला. उगाच काळजी करणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून हसावं तसा.

“या वेळी तुम्हाला बोलायला जागा ठेवणार नाही, नोंग,” तो म्हणाला.

शनिवारी दुपारपासूनच वस्तीच्या छपराखालच्या मैदानावर खुर्च्या मांडायला सुरुवात झाली. ओसाकाची लढत दाखवायला बास्केटबॉलच्या फळीखाली पांढरा पडदा लावला होता. बायका भाजलेली केळी विकत होत्या. रोवेना पुढच्या रांगेत एकटी बसली होती; तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी आपणहून रिकाम्या सोडल्या होत्या. फाउस्तिनो मागे, खांबाला टेकून उभा राहिला. त्याच्यासाठी ठेवलेली मधली खुर्ची त्यानं घेतली नाही.

जपानी मुष्टियोद्धा बावीस वर्षांचा, उंच, शांत होता. पहिली फेरी होवेलनं सहज जिंकली. मैदान उठून नाचलं. दुसऱ्या फेरीत, अगदी साध्या देवाणघेवाणीत, जपान्याचा एक आखूड हुक होवेलच्या कानाजवळ लागला. कुणी आरडाओरडा केला नाही. निवेदकानंही त्याची दखल घेतली नाही. फाउस्तिनोनं खांबावरची पाठ काढली. होवेलचा उजवा हात हनुवटीपासून दोन बोटं खाली आला होता.

तो हात पुढच्या आठ फेऱ्या वर गेला नाही.

आठव्या फेरीत होवेल दोरांवर सापडला. लोक ओरडत होते, उभा राहा, उभा राहा. त्या गदारोळात फाउस्तिनोचे ओठ हलत होते. “टेक,” तो म्हणत होता, “गुडघा टेक, दोंग. बस खाली.” शेजारच्यालाही ते ऐकू गेलं नाही. होवेलचे गुडघे दोनदा वाकले आणि दोन्ही वेळा त्यानं ते सरळ केले. दहाव्या, शेवटच्या फेरीत त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो समोरच्या रिकाम्या हवेत ठोसे मारत होता. घंटा झाली तेव्हा तो उभा होता.

तो गुणांवर हरणार हे सगळ्यांना कळत होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. माणसं खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होती. बोन्यिंग गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं फाउस्तिनोला मिठी मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बघितलंत, नोंग? टेकला नाही. तुमच्या बोलण्यानं पेटला पोरगा.”

पडद्यावर होवेल चालत जपान्याच्या कोपऱ्यात गेला आणि तिथल्या स्टुलावर बसला. मैदानात प्रेमळ हशा पिकला. दमला बिचारा, कुणीतरी म्हणालं, कोपरा चुकला. जपानी कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या माणसानं त्याला उठवलं नाही. त्यानं खाली वाकून होवेलच्या तोंडातलं दातांचं कवच काढून घेतलं, एका हातानं त्याची मान धरून ठेवली आणि दुसरा हात वर करून रिंगबाहेर कुणाला तरी बोलावलं.

फाउस्तिनो खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेला आणि रोवेनाच्या शेजारी बसला. ती पडद्याकडेच बघत होती.

“कितव्या फेरीपासून, नोंग?” तिनं विचारलं.

मागे टाळ्या चालूच होत्या.

“दुसऱ्या,” तो म्हणाला.