अधिकार साहेबांचा, धाक मुकादमाचा

पुठ्ठ्याच्या कारखान्यात अधिकार साहेबांना होता आणि धाक मुकादमाचा होता. दोन्ही एकच, असं फक्त साहेबांना वाटायचं. अधिकार सहीशिक्क्यानिशी मिळतो आणि माणूस रजेवर गेला की दुसऱ्याकडे जातो. धाक रजेवर जात नाही. मुकादम तापानं घरी पडलेला असला, तरी कामगार त्याच्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून जात.

पुठ्ठा दाबणाऱ्या रुळांच्या गडगडाटात बोलणं ऐकू येत नसे. म्हणून मुकादमानं उजवा हात वर केला की यंत्र थांबवायचं, ही तिथली रीत. एकदा एकानं आपल्या अकलेनं बटण दाबलं. मुकादम नुसता त्याच्याकडे बघत राहिला. त्या माणसानं आठवड्याभरात नोकरी सोडली. मग साहेबांनी फलक लावला : ‘धोका दिसताच यंत्र थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.’ तो सगळ्यांनी मुकादमाला विचारून वाचला.

बटणापाशी मुकादमाचा सख्खा भाचा उभा असे. त्या सकाळी अडकलेला पुठ्ठा ओढताना मुकादमाची बाही रुळांत गेली, बाहीमागून उजवा हात. तो ओरडला. भाचा बटणावर बोट ठेवून, मामा खूण कधी करतात याची वाट बघत राहिला. साहेब धावत आले, ‘थांबवा, थांबवा’ म्हणाले. सगळ्यांनी मुकादमाकडे पाहिलं, थांबवू का म्हणून.

पलीकडे मामी खोकी बांधायची. मुकादमाला न भिणारं कारखान्यात तेवढंच माणूस. घरात सत्ता तिची होती. तिनं भाच्याला ढकललं आणि बटण दाबलं. तोवर हात कोपरापर्यंत गेला होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मुकादमानं विचारलं, “बटण कोणी दाबलं?”

“मी,” मामी म्हणाली.

“मला न विचारता?”

“अहो, तुम्ही ओरडण्यात गुंतला होतात.”

मुकादमानं भाच्याकडे मान वळवली. “आणि तू रे?”

“मामा, तुमची खूण नव्हती.”

मुकादम समाधानानं म्हणाला, “बरोबर आहे. पोरगं शिस्तीचं आहे.”

मामी उठली. पाण्याचा पेला तिनं नवऱ्याच्या उजव्या अंगाला, बँडेज कोपराशीच संपत होतं तिथं ठेवला, आणि बाहेर निघून गेली.

मुकादमाच्या घशाला कोरड पडली होती. भाचा पेल्याकडे बघत उभा राहिला. उचलून दे, असं मामा अजून म्हणाले नव्हते.