दुसरा आराखडा

तिने नेटवर्कच्या स्विचमधली मुख्य केबल काढली आणि काचेपलीकडे पाहिलं. सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर साऱ्या पेशंटांच्या ठोक्यांच्या रेषा धावत होत्या, त्या एकदम पुसल्या गेल्या.

इस्पितळाच्या नव्या नेटवर्कसाठी तिने दोन आराखडे केले होते. पहिल्यात सगळ्या खाटांच्या तारा एकाच स्विचला. तो रुसला की टेबलावर अंधार. दुसऱ्यात माहितीला यायला दोन वाटा, एक तुटली तर दुसरी. आज दोन्ही पारखायचे होते, तेही भरल्या वॉर्डात. खाटेशेजारचे मॉनिटर आपापले चालू राहतील, हे तिनेच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. तरी तिची नजर पुन्हा पुन्हा खिडकीकडे जात होती. तिथल्या खाटेवर, हृदयाचं ऑपरेशन होऊन पडलेली, तिची आई होती.

"सिस्टर, घाबरू नका. ठरल्याप्रमाणेच चाललंय," ती दारातून म्हणाली.

"तुमचं ठरलं असेल हो. पेशंट माझे आहेत."

सिस्टर खुर्ची मागे सारून उठल्या. एकेका खाटेपाशी गेल्या, कुणाची नाडी पाहिली, कुणाची उशी सारखी केली. खिडकीपाशी मात्र थांबल्या. वाकल्या. थांबूनच राहिल्या.

केबल परत बसवताना ती दोनदा चुकली. रेषा परत आल्या, तशा सिस्टरही टेबलाशी येऊन बसल्या.

मग दुसरा आराखडा. दुसरी वाट जोडून तिने पुन्हा केबल काढली. पडद्यावरच्या रेषा जराही न अडखळता धावत राहिल्या. सिस्टरांनी बसल्या जागेवरून मान डोलावली.

"झक्कास!" तिच्या मागे उभं राहून पाहणारे इस्पितळाचे व्यवस्थापक म्हणाले. "हाच घेऊ. कुणाला उठावंसुद्धा लागलं नाही."

ती तोवर आईच्या खाटेपाशी पोचली होती.

"आई, मघाशी काय झालं? सिस्टर एवढा वेळ का थांबल्या?"

"काही नाही गं. झोप लागते का विचारत होत्या. म्हटलं, भीती वाटते, कुठली झोप! मग उभ्या राहिल्या जरा माझ्याजवळ." आईचा चेहरा उजळला होता. "इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं बघ. पुन्हा कधी आहे तुमची चाचणी?"

"झाली, आई. आता नाही."

"हो का," आई म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

व्यवस्थापक दारातून हाका मारत होते. ती स्टूल ओढून आईजवळ बसली.

"कसली भीती वाटते गं तुला?"