दोन जहाजांची दोन पिल्लं

उत्तरेकडच्या त्या बंदरात युद्धाच्या दिवसांत एक रीत होती. पाणबुडीने शत्रूचं एक जहाज बुडवलं, की परतल्यावर खलाशांना डुकराचं एक अख्खं पिल्लू भाजून मिळायचं. खलाशी मातवेईच्या पाणबुडीने दोन जहाजं बुडवली होती, म्हणून टेबलावर दोन पिल्लं होती. आणि टेबलाच्या टोकाला होता पक्षाने नेमलेला राजकीय अधिकारी रुदाकोव, ज्याचे बूट समुद्राच्या पाण्याने कधी भिजले नव्हते.

तो उभा राहिला आणि सुरू झाला. बॉम्बने मागच्या कप्प्याला भगदाड पडलं, पाणी घुसलं, तेव्हा आत अडकलेला वीर तिखोन गरजला म्हणे, की दार लावा, मला विसरा, मातृभूमीला वाचवा. किनाऱ्यावर बसून या गृहस्थाला समुद्राखालचं सगळं ऐकू आलं होतं. बाकीचे अधिकारी माना डोलवत होते. एकाची नजर मात्र पिल्लाच्या खरपूस कानावरून हलत नव्हती.

दार मातवेईनेच लावलं होतं. नियमच तो: पाणी भरलेला कप्पा बंद करायचा, नाहीतर सगळी पाणबुडी तळाला. पलीकडून तिखोन पान्याने दार ठोकत राहिला आणि अलीकडून मातवेई दाराचा दांडा दाबून राहिला. रुदाकोवने सकाळीच त्याला बजावलं होतं, की बलिदानाची हीच हकिकत सांगायची. वेगळं काही बोललास तर पदक विसर, वर चौकशी लागेल ती वेगळीच.

वाढायला ग्लाफिरा होती, तिखोनची बायको. खाणावळीत तीच रांधायची. ही पिल्लंही तिनेच भाजली होती. भाषण संपल्यावर ती हातातल्या सुरीसकट मातवेईपाशी आली.

"घरात उंदीर दिसला तर पलंगावर चढायचा माझा नवरा," ती म्हणाली. "तो असं बोलला?"

रुदाकोव खाकरला. मातवेईने त्याच्याकडे पाहिलं. आता त्या माणसाची भीतीही वाटेना, नुसती किळस आली.

"नाही," तो म्हणाला. "तो म्हणाला, मातवेई, उघड रे."

"आणि तू?"

"नाही उघडलं."

बाईला बाहेर न्या, असं काहीतरी रुदाकोव पुटपुटला. ग्लाफिराने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने पिल्लाची मांडी कापली आणि मातवेईच्या ताटात टाकली.

"खा," ती म्हणाली. "त्याच्या जिवावर आलंय."

मातवेईने खाल्लं. ताट रिकामं होईपर्यंत ती तिथून हलली नाही.